पेन अजून बसलेलं नाही

…नाही, पण मंगळवारच होता तो! म्हणजे आता शंभर टक्के खात्री कोण देणार? आठ-नऊ वर्षं झाली, आणि माझ्या आठवणीचं तुम्हाला सांगतो, तिची आता जुन्या छत्रीसारखी गत झालीय, उघडते झोकात, पण कुठून गळेल काही नेम नाही… पण मंगळवारच. कारण मंगळवारी मी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो होतो, अर्धा जबडा बधिर, आणि ताईनं ते पेन माझ्या हातात ठेवलं तेव्हा मी काहीतरी चांगलं बोलायला गेलो आणि तोंडातून नुसतं "फाई… फाई…" बाहेर पडलं, हे मला स्वच्छ आठवतं! आणि आमची ही म्हणते, "बुधवार. बुधवारी मी चादरी भिजवते. ताई आल्या तेव्हा माझे हात साबणाचे होते, कोपरानं दार उघडलं मी." आता घ्या! एकीकडे बधिर जबडा, दुसरीकडे साबणाचं कोपर. न्याय कुणी करायचा? मी चौतीस वर्षं कॉलेजात मोजमापातल्या चुका हा विषय शिकवला… शिकवला म्हणजे चुका कशा ओळखायच्या ते शिकवलं, चुका करायला नव्हे, हा खुलासा मला दरवेळी करावा लागतो… तर मी आपली वहीत नोंद केली, मंगळवार, अधिक-उणे एक दिवस. संपलं भांडण. संपलं कसलं, ते आठ वर्षं चाललं!

तर तुम्ही आज एवढे सगळे नवी कोरी पेनं घेऊन माझ्यासमोर बसलाय आणि मलाच विचारताय, "सर, नवीन शाईचं पेन चित्रासाठी बसवायचं कसं?" मला! यावर मी टिपण लिहिलंय म्हणून! आपल्या चित्रमंडळाच्या वार्षिकात छापून आलंय, आलेखासकट, म्हणून! ते टिपण जरा वेळ बाजूला ठेवा. खाली… पालथं ठेवा. आणि ऐका.

ताई माझी थोरली बहीण. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, आणि उभी हयात मोठ्या इस्पितळात मेट्रन. चाळीस नर्सेस तिच्या नुसत्या चपलेच्या आवाजानं ताठ व्हायच्या, तिथे माझी काय कथा! मी चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो तरी ती मला 'खोडू'च म्हणायची. का, तर लहानपणी मी चित्रं काढायचो आणि खोडायचो. काढायचो आणि खोडायचो. झाड काढलं, फांदी चुकली, खोड फांदी. फांदी खोडली, आता खोड जाड दिसतंय, खोड खोड! शेवटी कागदाला भोक पडायचं आणि त्या भोकाला ताई डोळा लावून म्हणायची, "झाड कुठाय रे खोडू?" ताईचं चित्र मी अकराव्या वर्षी काढायला घेतलं होतं. काढायला घेतलं होतं एवढंच म्हणतो. नाक नीट येईना. मी सांगतोय त्या वेळी त्रेसष्ट वर्षं झाली होती, आणि ते नाक अजून नीट यायचं होतं!

तर ही ताई, एकोणऐंशीव्या वर्षी, लेकीकडे कायमची राहायला निघाली. समुद्रापार. विमानानं दोन दिवसांची वाट. तिकीट काढलेलं, पंधरा-सोळा दिवसांनी गुरुवार, आणि परतीचं नाही. ते 'परतीचं नाही' तिनं असं सांगितलं, जसं पेशंटला सांगतात, 'उद्यापासून पथ्य नाही.' आणि त्या मंगळवारी… अधिक-उणे एक… ती आली, पिशवीतून एक लांबट डबी काढली, एक तपकिरी शाईची बाटली काढली, आणि म्हणाली, "हे घे. जायच्या आधी माझं चित्र काढ."

मी म्हटलं, "फाई?"

"फोटोत मी म्हातारी दिसते. तू काढ. आणि याच पेनानं काढ. शाई आहे, खोडता येत नाही."

आता तुम्हाला काय सांगू! या बाईनं माझी नस बरोबर पकडलेली. अहो, मी माणूस पेन्सिलीचा! माझी पीएचडी पेन्सिलनं लिहिलेली, माझ्या लग्नाच्या होकाराचा मसुदा मी आधी पेन्सिलनं लिहिला होता, तो हिला नंतर सापडला, "आवडली" खोडून "हरकत नाही" केलेलं, ते खोडून पुन्हा "आवडली" केलेलं, त्यावरून आजही ऐकावं लागतं! आणि आता ताईचं चित्र, पहिलं आणि शेवटचं, पुन्हा बसणार नाही ती समोर, आणि खोडायचं नाही?

बसलो संध्याकाळी. पेनात शाई भरली, बोटं तपकिरी, शर्ट तपकिरी, कपाळाला हात लावला होता म्हणून कपाळही तपकिरी. कागद घेतला. रेघ ओढली. आणि पेन… खर्रर्र… रेघ नाहीच! नुसता ओरखडा. पुन्हा ओढली. जरा आली, मध्येच तुटली, जरा आली, तुटली, जशी काही मुंगी चालता चालता विचारात पडतेय. आणि मला, तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं! म्हटलं, पेन अजून बसलेलं नाही. पेनच बसलेलं नाही तर मी काय करणार? आधी पेन बसवू, मग चित्र बघू.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "पेनाला काही धाड भरलेली नाही."

मी म्हटलं, "तुला काय कळतं पेनातलं?"

आता हा प्रश्न मी विचारायला नको होता. किंवा विचारला तर उत्तराची वाट बघायला हवी होती. पण ते नंतर.

लगेच फोन लावला. कुणाला? द्रावणला. द्रावण म्हणजे आमचे रसायनशास्त्राचे सहकारी, आता आमच्याच गल्लीत, चौथं घर. अख्खं कॉलेज त्यांना द्रावण म्हणायचं, कारण जगातल्या कुठल्याही अडचणीवर हा गृहस्थ दोन बाटल्या काढून काहीतरी कालवायला बसणार. गुडघा दुखतोय? द्रावण. दाराची बिजागरी वाजतेय? द्रावण. मुलगा नापास झाला? तेव्हासुद्धा त्यांनी पालकांना काहीतरी प्यायला दिलं होतं! तर ते आले, पायात सपाता, हातात बाटली, आणि पेनाकडे न बघताच म्हणाले, "नवीन निब म्हणजे नवीन बूट. चावणारच. पंधरा दिवस लागतात."

"पंधरा दिवस? अहो, सोळाव्या दिवशी ताई चालली!"

"मग एक दिवस उरतोय की! ऐका. कोमट पाणी, त्यात साबणाचा एक थेंब, त्यात निब धुवायची. मग रोज आठ काढायचे. इंग्रजी आठ. त्यात सगळी वळणं येतात. शेकड्यांनी काढायचे. आणि मुख्य म्हणजे या पंधरा दिवसांत या पेनाला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. निब ज्याच्या हातची झिजते त्याचीच होते. दुसऱ्यानं एक सही केली तरी गेलं, पेन बिथरलं!"

"बिथरलं?"

"बिथरलं. आणि तुम्ही पेन्सिल नाही धरायची. बॉलपेनही नाही. हात विटाळतो."

आता एवढा शिकलेला माणूस मी. चौतीस वर्षं पोरांना सांगत आलो की कोणी काही ठोकून दिलं तर आधी विचारा, मोजलं कुणी, कधी, किती वेळा? आणि मी काय केलं? मान डोलावली! कारण मला ते ऐकायचंच होतं हो! पंधरा दिवस! म्हणजे पंधरा दिवस ताईचं नाक काढायला नको!

लागलो कामाला. घरातल्या सगळ्या पेन्सिली गोळा केल्या, बॉलपेनं गोळा केली, फोनशेजारी दोरीनं बांधलेलं बॉलपेन होतं ते दोरी कापून काढलं, सगळं पत्र्याच्या ट्रंकेत घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली द्रावणकडे दिली. का, तर माझा माझ्यावर भरवसा नाही. पेनाच्या डबीवर चिठ्ठी चिकटवली, 'हात लावू नये.' ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अहो, माझी कोड्याची पेन्सिल?"

हिला रोज दुपारी पेपरातलं शब्दकोडं लागतं. चहा नसला तरी चालेल, कोडं हवं.

मी म्हटलं, "पंधरा दिवस कळ काढ. ताईच्या चित्राचा प्रश्न आहे."

"मग कोडं कशानं सोडवू?"

"मनात सोडव!"

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. पन्नास वर्षांच्या संसारात ते बघणं मला ओळखू यायला हवं होतं, पण मी त्या वेळी आठाचा आकडा केवढा काढावा या विचारात होतो. ती म्हणाली, "बरं." एवढंच. आणि गेली. बायकोनं नुसतं 'बरं' म्हटलं की नवऱ्यानं सावध व्हावं हो!

तर पहिला दिवस, बुधवार. आठशे आठ काढले. म्हणजे आठ हा आकडा आठशे वेळा. आणि मी नुसते काढले असते तर मग शिक्षण कसलं? तक्ता केला! दर शंभर आठांत रेघ किती वेळा तुटली ते मोजायचं. पहिल्या दिवशी सरासरी सतरा. म्हटलं ठीक, सुरुवात आहे. दुसऱ्या दिवशी एकवीस! वाढली! द्रावण म्हणाले, "वाढणारच. निब विरोध करतेय." तिसऱ्या दिवशी कोमट पाणी, साबणाचा थेंब. अठरा. चौथ्या दिवशी साबणाचे दोन थेंब, पेनातून फेस, वीस. सकाळी उठलो की आठ, आंघोळ झाली की आठ, पायरीवर बसून आठ. कागद संपले, मग पाकिटांच्या मागे आठ, औषधांच्या खोक्यांवर आठ. केमिस्ट म्हणाला, "काका, हे दिवसातून आठ वेळा कुणी लिहून दिलं?"

आणि रोज संध्याकाळी ताईचा फोन. "काय रे खोडू, कधी बसू?"

"ताई, पेन अजून बसलेलं नाही."

"पेन बसायचंय की मी बसायचंय?"

"आधी पेन, मग तू."

पलीकडून सामान बांधल्याचा आवाज. चिकटपट्टी ओढल्याचा. चर्रर्र. त्या चर्रर्र आवाजानं माझ्या काळजात काय होत होतं ते मी तक्त्यात कुठे लिहिणार? त्यासाठी रकाना नव्हता. तिचं घर रोज एकेका खोक्यात चाललं होतं आणि मी इथे आठ काढतोय! मला कळत नव्हतं का? कळत होतं. हात मात्र आठ काढत होता.

आणि आमची ही येता-जाता, "पेनाला काही धाड भरलेली नाही हो." सकाळी तेच, संध्याकाळी तेच. भाजी निवडताना, माझ्याकडे न बघता. "पेनाला काही धाड भरलेली नाही." मी म्हणायचो, "अगं, आकडे बोलतायत! एकोणीस! सरासरी एकोणीस!" ती म्हणायची, "आकडे काही का बोलेनात, रेघ नीट येते त्याची." मला वाटायचं, काय ही अडाणी बाजू! आधार नाही, नोंद नाही, नुसतं मत!

नवव्या दिवशी माझा धीर सुटला. गेलो पेनवाल्याकडे. किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानाला खेटून दीड हाताची जागा, आत एक म्हातारा, माझ्याहूनही म्हातारा, डोळ्याला भिंग, आजूबाजूला मेलेल्या पेनांचा ढीग. मी डबी उघडली. त्यानं हात पुढे केला. मी डबी मागे घेतली!

"काय झालं?" तो म्हणाला.

"हात लावायचा नाही."

"मग?"

"लांबून बघा."

त्यानं भिंग काढलं. मला आपादमस्तक बघितलं. म्हणाला, "साहेब, पेशंट तपासायला आणलाय की मिरवायला?"

मी त्याला सगळा नियम समजावून सांगितला. दुसऱ्याचा हात, झिजणं, बिथरणं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "बरं, तुम्हीच लिहा. मी बघतो." मी लिहिलं. आठ काढला. खर्रर्र. तुटला. तो माझ्या हाताकडे बघत होता, पेनाकडे नाहीच. म्हणाला, "तुम्ही लिहिताय की खिळा ठोकताय? केवढा दाब तो! बोटं बघा, पांढरी पडलीत. दाबलं की निबेचे दोन पाय फाकतात, शाई येणार कुठून? आणि पेन फिरवता कशाला हातातल्या हातात? निब आडवी झाली की रेघ तुटणारच. द्या इकडे, मी एक रेघ ओढून दाखवतो."

"नाही!"

"एकच."

"एक सहीसुद्धा नाही! बिथरेल!"

तो भिंग परत डोळ्याला लावत म्हणाला, "साहेब, चाळीस वर्षं दुकान आहे माझं. बिथरलेलं पेन अजून एकही आलं नाही. माणसं येतात."

आता हे वाक्य मी ऐकलं. घरी येऊन वहीत लिहिलंसुद्धा. आणि पुढे काय लिहिलं, माहितीय? 'नमुना फार लहान. एकाच व्यक्तीचे मत.' अरे, चाळीस वर्षांचा नमुना लहान? आणि द्रावणचा? द्रावणच्या घरात तर शाईचं पेनच नव्हतं! हे मला चौदाव्या दिवशी कळलं, किल्ली मागायला गेलो तेव्हा. ते बॉलपेननं वाणसामान लिहीत बसले होते. मी विचारलं, "तुमचं शाईचं पेन कुठंय?" म्हणाले, "माझं? छे! मला ते कटकटीचं वाटतं." आणि तरीही मी किल्ली न घेता परत आलो. कारण पंधराव्या दिवसाचे आठ राहिले होते!

पंधरावा दिवस. एकूण आठ, बारा हजार. शेवटच्या शंभरात रेघ तुटली अठरा वेळा. पहिल्या दिवशी सतरा होती. म्हणजे बारा हजार आठ काढून मी एक पाऊल मागे आलो होतो. आणि चित्र? चित्राचा कागद कोरा. नुसता कोरा नाही, कोरा आणि डागाळलेला.

गुरुवार उजाडला. गाडी चारला येणार. ताई दोनलाच आमच्याकडे आली, निरोप घ्यायला. दोन बॅगा दारात, अंगावर प्रवासाची जाड साडी, पायात बूट. आयुष्यात पहिल्यांदा तिला बुटात बघितलं. म्हणाली, "बसलं का पेन?"

या वेळी जबडा बधिर नव्हता, तरी पुन्हा 'फाई' निघायचंच काय ते बाकी होतं. म्हटलं, "ताई… अजून नाही."

"बरं. मग मी बसते."

आणि बसली! खिडकीपाशी खुर्ची ओढली, पर्स मांडीवर, हात पर्सवर, आणि बसली. "तीनपर्यंत बसते. तीनला मला चहा लागेल."

"ताई, अगं, पण पेन…"

"काढ."

तुम्ही कधी चाळीस नर्सेसवर हुकूम चालवलेल्या बाईचं 'काढ' ऐकलंय? मी कागद घेतला. पेन उघडलं. पहिली रेघ. खर्रर्र. दुसरी. तुटली. आणि खोडायला काही नाही! मी इकडे बघतो, तिकडे बघतो, ट्रंकेकडे बघतो, किल्ली चौथ्या घरात! ही दारात उभी, तोंडाला पदर. हसतेय की रडतेय, देव जाणे.

ताईनं हे सगळं बघितलं. जागची हलली नाही. नुसती म्हणाली, "खोडू, दाबतोस कशाला? मी आयुष्यात किती सुया टोचल्या असतील? शीर शोधताना दाबतात. सुई घालताना नाही. सुई घालताना हात हलका. आणि एकदा घातली की मागे घ्यायची नाही, माणूस ओरडला तरी. सुईला खोडरबर नसतो रे."

मी म्हटलं, "आणि चुकलं तर?"

"चुकलं तर दुसऱ्या हाताला टोचायची. माणसाला दोन हात असतात."

आता मला काय झालं ते नक्की सांगता येणार नाही. हात दमला होता, हे खरं कारण असेल. बारा हजार आठ! दाबायला ताकदच उरली नव्हती. मी पेन नुसतं टेकवलं. आणि हाताला जे येत होतं तेच हातानं काढलं. दुसरं येत काय होतं? आठ! पण आडवा. आणि तो आडवा आठ म्हणजे… अहो, तो ताईचा चष्मा झाला! एका रेघेत, न तुटता, मधला तो पूल, दोन गोल, डावा जरा खाली, कारण तिचा डावा कान खाली आहे, हे मला त्रेसष्ट वर्षं माहीत होतं आणि कधी काढता आलं नव्हतं! आणि चष्मा आला म्हटल्यावर त्याला टेकायला नाक हवंच. नाक आलं! कधी आलं मला कळलंसुद्धा नाही. मग कपाळ, मग तो घट्ट अंबाडा, मग पर्सवरचे हात, त्या हातांवरच्या शिरा. शाई चाललीय, चाललीय, एकदाही तुटली नाही. एक रेघ चुकली, हनुवटीची. तिच्याशेजारी दुसरी ओढली. ताईला दोन हनुवट्या झाल्या. तशा आहेतच.

तीनला पाच मिनिटं कमी असताना ती उठली. कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाली, "चष्मा माझाच आहे."

मी पेनाचं टोपण शोधायला लागलो.

"आतली बाई कोण आहे?"

"ताई…"

"जरा आगाऊ दिसतेय." आणि मग कागद गुंडाळायला लागली, बोटं जरा चाचपडत होती, आणि म्हणाली, "पण ओळखीची वाटते. चहा टाक गं!"

चारला गाडी आली. कागद तिनं बॅगेत ठेवला नाही, हातात घेऊन गेली. पुढे सहा वर्षं होती ती तिकडे. भाची सांगायची, शेवटी शेवटी कुणाला ओळखत नव्हती, पण पलंगासमोरच्या चित्राला रोज सकाळी विचारायची, "काय रे खोडू, बसलं का पेन?" बरं, ते जाऊ द्या…

तर मला सांगा, यातून मी काय निष्कर्ष काढायचा? शास्त्राचा माणूस मी! पंधरा दिवस पेन अडत होतं, सोळाव्या दिवशी चाललं. म्हणजे काय? पेन बसलं! बारा हजार आठांनी बसलं! लिहिलं टिपण. काढला आलेख. द्रावणचे आभार मानले, तळटीप देऊन! आणि आपल्या या मंडळात आठ वर्षं जो कुणी नवं पेन घेऊन आला त्याला मी हेच सांगितलं, पंधरा दिवस, बारा हजार आठ, दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. ते मागे बसलेत ना, निवृत्त स्टेशनमास्तर, त्यांनी माझं ऐकून चौदा हजार काढले. त्यांच्या मनगटाला अजून पट्टा आहे! मला क्षमा करा हो मास्तर… थांबा, अजून पूर्ण ऐकलं नाहीत, मग उठा.

आणि घरात? घरात आठ वर्षं एकच वाद. मी म्हणायचो, "बघ, बसलं की नाही पेन?" ही म्हणायची, "पेनाला काही धाड भरली नव्हती." मी म्हणायचो, "मंगळवारी आलं होतं." ही म्हणायची, "बुधवारी."

परवाची गोष्ट. घराला रंग द्यायचा म्हणून कपाटं रिकामी करत होतो. वरच्या फळीवर जुने पेपर अंथरलेले, मी स्टुलावर, ही स्टूल धरून खाली. एक पेपर ओढला, आणि बघतो तर शब्दकोडं. सोडवलेलं. तपकिरी शाईत!

तपकिरी! आमच्या घरात तपकिरी शाई एकच. त्या बाटलीतली. मी चष्मा पुसला. एकेक अक्षर गोल, भरदार, सलग. एक रेघ तुटलेली नाही. एक खाडाखोड नाही. उभं, आडवं, सगळी घरं भरलेली. खालचा पेपर काढला, तोही. त्याखालचा, तोही. पंधराच्या पंधरा, रोजचं कोडं, तपकिरी!

खालून ही म्हणाली, "काय झालं? पाल आहे का?"

"अगं… तू माझं पेन घेतलं होतंस?"

"कधी?"

"आठ वर्षांपूर्वी!"

"मग? पेन्सिली कोंडल्या होत्यात तुम्ही. दुपारी तुम्ही झोपलात की घेत होते. कोडं काय नखानं सोडवू?"

"आणि ते… चालत होतं?"

"न चालायला काय झालं होतं त्याला?"

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "रोज सांगत होते."

रोज सांगत होती! दिवसातून दोनदा! चौतीस वर्षं पोरांना सांगितलं, आधी विचारा, मोजलं कुणी? आणि घरात जी एकटी मोजून बोलत होती तिला मी एकदाही विचारलं नाही, तुला कसं माहीत! पंधरा दिवस एकच पेन सकाळी माझ्या हातात मुंगीसारखं अडखळत होतं आणि दुपारी तिच्या हातात उभे-आडवे शब्द भरत होतं. बिथरलं वगैरे काही नव्हतं ते. टिपण पालथं ठेवलंय ना तुम्ही? राहू द्या तसंच. घ्या पेनं हातात आणि काढा काय काढायचं ते.

मी स्टुलावर तसाच उभा. शेवटी काहीतरी हाताशी असावं म्हणून सगळ्यांत खालच्या, म्हणजे पहिल्या पेपरची तारीख बघितली. बुधवार. बुधवारचं कोडं, तपकिरी शाईत. म्हणजे पेन्सिली मी आदल्या संध्याकाळीच कोंडल्या होत्या. म्हणजे पेन घरात आलं ते…

"अगं," मी वरून ओरडलो, "मंगळवारच होता!"

"असेल," ती म्हणाली. "आता उतरा खाली."

तेवढं मात्र आता पक्कं झालंय, अधिक नाही, उणे नाही. ताईनं पेन आणलं, तो मंगळवारच होता.